ब्रदर गॅव्हिनचं जिवंत पाणी

ऑस्ट्रेलियातल्या वुडरिज उपनगरात, सामोअन मंडळींच्या चर्चमागच्या सभागृहात त्या शनिवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या तेव्हा चटया अंथरल्या, चटया संपल्या तेव्हा मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली. बायकांनी कानामागे फुलं खोवली होती, पुरुष रविवारसाठी जपून ठेवलेला लावालावा लुंगीसारखा कमरेला गुंडाळून आले होते. आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका पांढऱ्याशुभ्र गालिच्याच्या तुकड्यावर खिळल्या होत्या.

तुकड्यामागे ब्रदर गॅव्हिन उभा होता. उंच, चंदेरी केसांचा, पांढरा सदरा, पांढरी विजार, बूटसुद्धा पांढरे. डाग काढणाऱ्या माणसाच्या अंगावर डाग दिसू नये, याची त्याने चोख काळजी घेतली होती.

"बंधूंनो, भगिनींनो, तुमच्या घरातली सगळ्यात घाणेरडी जागा कोणती?" त्याने विचारलं.

"संडास," मागून कोणीतरी म्हणालं. सभागृह हसलं. ब्रदर गॅव्हिनही हसला, पण लगेच गंभीर झाला.

"नाही. जिथे तुमचं बाळ रांगतं ती."

हसू थांबलं. त्याने एक काचेची बाटली वर धरली. आत काळपट तपकिरी पाणी होतं. "ही घाण मी एका घराच्या गालिच्यातून काढलीय. त्या घरातली तीन माणसं दम्यानं रात्र रात्र बसून काढायची. हे विष बाहेर आलं आणि आज त्या घरात कोणी खोकतसुद्धा नाही."

त्याने ते विष पांढऱ्या गालिच्यावर ओतलं. तळहाताएवढा गडद डाग पडला. मग त्याने निळी फवारणीची बाटली घेतली, डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि फवारा मारला.

डाग गेला. घासला नाही, पुसला नाही, खरवडला नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तपकिरी रंग पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा झाला आणि गालिचा पुन्हा कोरा करकरीत.

सभागृहातून एक लांब उसासा उमटला. पुढच्या रांगेतल्या लोसाआजीने छातीवर हात ठेवला आणि बसल्या जागी भजन सुरू केलं. बाकीच्यांनी सूर धरला.

"पाण्याला आठवण असते," भजन ओसरल्यावर ब्रदर गॅव्हिन सांगू लागला. "तुमच्या नळाच्या पाण्याला गंजक्या पाइपाची आठवण आहे. माझ्या पाण्याला डोंगरातल्या झऱ्याची आठवण आहे. म्हणून हे पाणी जिवंत आहे. ते नुसता डाग काढत नाही, डागामागचं दुखणं काढतं."

तिसऱ्या रांगेत बसलेली पेनिना आपल्या मावसबहिणीच्या कानाला लागली. "पाण्याला सगळंच आठवत असेल तर त्या झऱ्यात बेडूक काय काय करतात, तेही आठवत असणार."

"गप्प बस," अकेनेसे म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिच्या मांडीला टेकून तिची आठ वर्षांची मुलगी रूता बसली होती, आणि रूताच्या छातीतून नेहमीची बारीक शिट्टी वाजत होती.

पेनिना लेओटा ही मुळातच संशयी बाई. बाजारात गेली की टॅरोचा, म्हणजे अळूचा, कंद नखाने टोकरून बघणार, डझनभर अंडी घेतली तर एकेक हलवून बघणार. पण या सभेला ती तमाशा बघायला आली नव्हती. कोंबड्या कापून पाकिटं भरणारा जवळचा कारखाना बंद झाला होता. पेनिनासारखे कितीतरी जण घरी बसले होते. भागात सगळी भाड्याची घरं, खोल्याखोल्यांत जमिनीवर गालिचा ठोकलेला, घर सोडताना गालिचा धुऊन द्यावाच लागतो, म्हणजे गालिचे धुणाऱ्याला काम कधी कमी पडत नाही. हे धंद्याचं गणित तिला पटलं होतं. शिकायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, एक यंत्र आणि एक जुनी व्हॅन घ्यायची, बस. आणि ब्रदर गॅव्हिन नेमकं तेच द्यायला आला होता. चार शनिवार त्याच्याकडे शिकलं की सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि ते घेणारा 'प्रमाणित शुद्धिकार' होणार होता. हा शब्द त्याचा स्वतःचा.

पाद्री फेरेतींनी सभागृह फुकट दिलं होतं. माणसं कामाला लागावीत एवढीच त्या भल्या माणसाची इच्छा.

पहिल्या शनिवारी शिकवणी सुरू झाली तेव्हा पेनिना पेन सरसावून बसली. दुपारपर्यंत तिला कळलं ते असं: पाणी फवारताना डावा पाय पुढे ठेवावा. घरातल्या आजारी माणसाचं नाव मनात घ्यावं. निळी बाटली उन्हात ठेवू नये, आणि ती ब्रदर गॅव्हिनखेरीज कोणाकडून विकत घेऊ नये.

तिने हात वर केला. "ब्रदर, आमच्या पाद्रींच्या घरी लोकरीचा गालिचा आहे. माझ्याकडे नायलॉनचा. दोघांना एकच पाणी चालतं?"

"देवाला लोकर आणि नायलॉन वेगळे आहेत का, भगिनी?"

"देवाचं ठाऊक नाही. गालिच्याचं विचारतेय. लोकर आटते."

ब्रदर गॅव्हिन वर्गाकडे वळला आणि मायेने हसला. "डाग खूप प्रकारचे असतात. तेलाचा, चहाचा, रक्ताचा. पण सगळ्यात चिवट डाग शंकेचा."

वर्ग खदखदून हसला. त्या दिवसापासून पेनिनाला नाव पडलं, शंकाबाई. कोणी दुकानात भेटलं तरी विचारायचं, "काय शंकाबाई, पाव ताजा आहे का बघितलात?" तीही हसण्यावारी न्यायची. पण मनात तिच्या काहीतरी कुरतडायला लागलं. ज्याला आपलं काम येतं तो माणूस साध्या प्रश्नाचं साधं उत्तर देतो. हा माणूस प्रश्न सोडून प्रश्न विचारणाऱ्यावरच बोलत होता.

तिने ठरवलं, दुसरीकडेही चौकशी करायची. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक सरकारमान्य प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे गालिचे धुण्याचा अभ्यासक्रम होता, शेवटी लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक. तिथेही तिने नाव घातलं. शनिवारी ब्रदर गॅव्हिन आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते केंद्र. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

दरम्यान अकेनेसेने ब्रदर गॅव्हिनला घरी बोलावलं. तो आला, रूताच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या खोलीतल्या गालिच्यावर बादल्याच्या बादल्या जिवंत पाणी ओतलं. गालिचा इतका भिजला की पावलागणिक पचपच आवाज यायचा. यंत्राने वरवरचं पाणी ओढून घेतल्यावर तो म्हणाला, "आता लक्ष ठेवा. या घरात दुखणं असेल तर ते वर येईल. आपल्या डोळ्यांनी बघाल."

आणि ते आलं. दोन दिवसांनी, गालिचा सुकत आला तसा, रूताच्या पलंगाशेजारी तपकिरी डाग उमटला. आदल्या दिवशी तिथे काही नव्हतं. डागाचे दोन फुगीर भाग होते, मधे बारीक रेघ. बघणाऱ्यांत कोणीतरी म्हणालं, ही तर फुप्फुसं. झालं, दुसऱ्या दिवसापासून अकेनेसेच्या दारात चपलांचा ढीग. लोसाआजी तर खुर्ची घेऊन आली आणि डागासमोर बसून राहिली. ब्रदर गॅव्हिनने पुन्हा धुतलं, डाग गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला.

"बाहेर पडतंय," तो समाधानाने म्हणाला. "पोरीच्या छातीतलं सगळं गालिच्यात उतरतंय."

"मग तिची औषधं?" अकेनेसेने विचारलं.

त्याने हात जोडले. "औषध बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, भगिनी. तसं म्हणायची मला परवानगी नाही. मी एवढंच विचारतो की आपण एका हाताने दुखणं बाहेर काढायचं आणि दुसऱ्या हाताने धूर आत कोंडायचा, याला विश्वास म्हणतात का?"

अकेनेसेने त्याच संध्याकाळी रूताचा रोज ओढायचा दम्याच्या औषधाचा फवारा कपाटाच्या वरच्या खणात ठेवून दिला. पेनिनाला हे कळलं तेव्हा ती धावत गेली.

"अगं, वेडी झालीस का? डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलंय ना?"

"चार वर्षं रोज देतेय. काय झालं? पोरगी बरी झाली का?"

"बरी झाली नसेल, पण धावते, शाळेत जाते. त्या औषधामुळेच ना?"

"पेनिना, तुला मूल नाही. रात्री तिचा श्वास मोजत जागी मी असते." अकेनेसेने दार लावून घेतलं नाही, पण ती दारातून बाजूलाही झाली नाही. पेनिना परत फिरली.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. प्रार्थना आटोपून सगळं कुटुंब अकेनेसेकडे जेवायला जमलं होतं. टेबलावर नारळाच्या दुधातला टॅरो, सापासुईच्या शेवया, भाजलेलं डुक्कर. रूता अंगणात भावंडांबरोबर पळत होती. पळता पळता ती थांबली, वाकली आणि सिमेंटवर गुडघ्यांवर पडली. पेनिना पोचली तेव्हा पोरीचे खांदे कानापर्यंत वर येत होते आणि बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती. ओठ राखेसारखे. तिला बोलायचं होतं, पण शब्दाला पुरेल एवढी हवा नव्हती.

दम्याच्या झटक्यासाठी घरात ठेवलेला तातडीचा निळा फवारा दिला, पुन्हा दिला, पुन्हा दिला. रुग्णवाहिका आली. इस्पितळात तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावल्यावर पुष्कळ वेळाने रूताच्या गालांवर रंग आला.

डॉक्टर निमाली ही तरुण बाई होती. तिने रागावून नाही, शांतपणे विचारलं, "रोजचं औषध कधीपासून बंद आहे?"

पेनिनाने सांगितलं.

"ते औषध आजच्या दम्यासाठी नसतं, उद्याचा येऊ नये म्हणून असतं," डॉक्टर म्हणाली. "बंद केलं की लगेच काही होत नाही. म्हणून लोकांना वाटतं, नसलं तरी चालतंय. खोलीत ओल आहे का? बुरशीचा वास?"

ओल. पेनिनाला तो पचपच आवाज आठवला.

तेवढ्यात परिचारिकेने रूताच्या खरचटलेल्या गुडघ्याला तपकिरी औषध लावायला घेतलं. मुखवट्याआडून रूताने नाक मुरडलं. मुखवटा बाजूला करून ती म्हणाली, "हे ब्रदरचं विष आहे."

"काय आहे?" परिचारिकेने विचारलं.

"बाटलीतलं विष. गालिच्यावर ओततो ते. एका शनिवारी मी पुढे बसले होते तेव्हा असाच वास आला."

परिचारिका हसली. "हे आयोडीन आहे, बाळ. जखमेत जंतू होऊ नयेत म्हणून लावतात."

पेनिना हसली नाही. तिने ती छोटी बाटली हातात घेऊन हुंगली, उजेडात धरून बघितली, आणि परत केली.

दोन दिवसांत वस्तीत बातमी फिरली, पण उलटी. ब्रदर गॅव्हिन इस्पितळात फुलं घेऊन गेला आणि अकेनेसेचा हात हातात घेऊन म्हणाला, की दुखणं जवळजवळ बाहेर आलं होतं. पण घरात ये-जा करणारं एखादं शंकेखोर माणूस असेल तर ते पुन्हा आत शिरतं. नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. दुकानात पेनिना शिरली की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. शंकाबाई म्हणून आता कोणी हसत नव्हतं.

त्या आठवड्यात ती प्रशिक्षण केंद्रात गेली ते फक्त घरी बसवत नव्हतं म्हणून. तिथली शिक्षिका ब्रॉन्विन कॅफ्री. साठीची, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आवाज असा एकसुरी की जेवणानंतरच्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. तिच्या शिकवण्यात चमत्कार औषधालाही नव्हता. धागा जाळून वासावरून ओळखायचा कसा, कोणत्या धाग्याला आम्ल चालतं, पाणी किती वापरायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सुकवायचं कसं.

त्या दिवशी तिने एक जाड गालिच्याचा तुकडा टेबलावर ठेवला. "यावर मी काल कॉफी सांडली, वरून धुतली. स्वच्छ दिसतोय ना? आता पंखा बंद ठेवून तो सुकू द्यायचा."

दुपारी वर्ग परतला तेव्हा तुकड्यावर डाग होता. फिकट तपकिरी, कडा गडद.

पेंगणाऱ्या वर्गात पेनिना एकटी ताठ बसली होती. "हा परत कसा आला?"

"परत आला नाही. तो गेलाच नव्हता." ब्रॉन्विनने तुकडा उलटा केला. पाठीकडून कॉफी वरच्यापेक्षा तिप्पट पसरलेली होती. "सांडलेलं सगळं खाली झिरपतं. तुम्ही वरचं साफ करता आणि खालचं पुन्हा ओलं करता. सुकताना पाणी धाग्याधाग्याने वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. येताना घाण घेऊन येतं. पाणी उडून जातं, घाण टोकावर राहते. जितकं जास्त पाणी ओताल तितका मोठा डाग."

"धुतलं की जातो, दोन दिवसांनी परत येतो?"

"जोवर खालचं काढत नाही तोवर कितीही वेळा."

तास संपल्यावर पेनिना टेबलाशी गेली आणि आयोडीनबद्दल विचारलं. ब्रॉन्विनने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तो सगळ्यात सोपा डाग. क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून टाक. घासावं लागत नाही, बघता बघता रंग जातो. पण तेवढाच हं, बाकी कशावर ते पाणी काही कामाचं नाही. का गं?"

"एका माणसाला ते जिवंत वाटतं," पेनिना म्हणाली.

तिने औषधाच्या दुकानातून आयोडीन आणि गोळ्या घेतल्या आणि थेट पाद्रींचं घर गाठलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पाद्रींच्या बायकोच्या पांढऱ्या फडक्यावर, तिने तो चमत्कार करून दाखवला. पाद्री फेरेतींनी फडकं उचलून उजेडात धरलं.

"यावरून तो खोटा ठरत नाही," ते म्हणाले. "एकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी वेगळ्याही असू शकतात."

"बरोबर आहे. म्हणूनच मला सभेसमोर त्याला विचारायचंय."

"पेनिना, आपल्यात पाहुण्याला चारचौघांत मान खाली घालायला लावत नाहीत."

"आणि आपली पोरगी गुदमरली तर चालतं?"

पाद्रींनी खुर्ची ओढली आणि बसले. "शनिवारी प्रत्येक उमेदवाराने प्रात्यक्षिक करून दाखवायचंय. तूही उमेदवार आहेस. तुझी पाळी तुला मिळेल. त्यापुढे काही मी बोलणार नाही."

शेवटच्या शनिवारी सभागृहात पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. टेबलावर सोनेरी शिक्क्यांच्या प्रमाणपत्रांची चळत. अकेनेसे मागच्या रांगेत बसली होती. शेजारी इस्पितळातून सुटून आलेली रूता. पेनिना दिसताच अकेनेसेने नजर वळवली.

पाळी आली तशी पेनिना व्यासपीठावर चढली. हातात कापडी पिशवी. ब्रदर गॅव्हिनने तिला निळी बाटली दिली, जरा संथपणेच. तिने डावा पाय पुढे ठेवला, त्याने ओतलेल्या विषावर फवारा मारला. डाग गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही जणांनी आश्चर्यानेही. शंकाबाईलाही पाणी पावलं होतं.

"बघितलंत?" ब्रदर गॅव्हिन म्हणाला. "शरण आलं की डाग राहत नाही."

"आता याच बाटलीने दुसरा डाग काढते," पेनिना म्हणाली आणि पिशवीतून थर्मास काढला. झाकण उघडताच भाजलेल्या कोकोचा वास दरवळला. प्रत्येक घरी रविवारी उकळतो तोच. तिने पांढऱ्या गालिच्यावर तो कपभर ओतला आणि फवारा मारला. पुन्हा मारला. कोको होता तिथेच राहिला. उलट पाण्याबरोबर चांगला ऐसपैस पसरला.

मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"ब्रदर, माझी श्रद्धा कमी पडत असेल," पेनिनाने बाटली त्याच्यापुढे धरली. "तुम्ही काढा."

"हे पाणी रोगाच्या डागासाठी आहे. पेयांच्या नव्हे."

"पहिल्या दिवशी तर तुम्ही चहाचा डागसुद्धा म्हणाला होतात."

"भगिनी, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही घेत. तुमची घेतेय. तुम्हाला आम्ही सगळ्यांनी शिक्षक मानलंय. शिक्षकाला कोकोचा डाग काढता यायला हवा."

ब्रदर गॅव्हिनने बाटली घेतली, डोळे मिटले, फार वेळ मिटले, फवारा मारला. मग खिशातला रुमाल काढून घासायला वाकला. पांढऱ्या विजारीच्या गुडघ्याला कोको लागला.

पेनिनाने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. "ही आयोडीनची बाटली. खरचटल्यावर लावायचं औषध, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. आणि हे नळाचं पाणी, त्यात क जीवनसत्त्वाची गोळी." तिने कोऱ्या जागी आयोडीन टाकलं. तसाच तळहाताएवढा गडद डाग. "रूता, इकडे ये. तू फवार."

रूताने आईकडे बघितलं. मग ती पुढे आली, कुठलाही पाय पुढे न ठेवता, काही न पुटपुटता तिने फवारा मारला. तपकिरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा पांढरा.

या वेळी भजन झालं नाही.

"वास घ्या," पेनिनाने दोन्ही बाटल्या पुढच्या रांगेत दिल्या. "हे माझं आयोडीन आणि हे त्यांचं विष. त्यांच्या निळ्या बाटलीत नेमकी कोणती भुकटी आहे ते मला ठाऊक नाही. एवढं दिसतंय की ती आयोडीनचा रंग घालवते आणि बाकी काही करत नाही."

बाटल्या हातोहात फिरल्या. लोसाआजीने दोन्ही हुंगल्या, पुन्हा हुंगल्या आणि मांडीवर ठेवल्या. पण मागून अकेनेसे उठली.

"हे सगळं असेल खोटं. पण माझ्या घरातला डाग? तो कोणी ओतला नव्हता. आपोआप आला, माझ्या डोळ्यांसमोर. फुप्फुसांसारखा."

ब्रदर गॅव्हिनने लगेच मान वर केली. "विचारा तिला. याचं उत्तर कोणत्या दुकानात मिळतं?"

"उत्तर तुझ्याच घरात आहे," पेनिना अकेनेसेला म्हणाली. "तू हो म्हणालीस तर आत्ता दाखवते. घरमालकाच्या एजंटला विचारून ठेवलंय."

अकेनेसेचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. सगळी सभा उठून तिकडे निघाली. वाटेत कोणाच्या लक्षात आलं की ब्रदर गॅव्हिन बरोबर नाही, पण त्याला आणायला कोणी मागे फिरलं नाही.

रूताच्या खोलीत कुबट वास भरला होता. डाग तिथेच होता. पेनिना गुडघ्यांवर बसली, भिंतीच्या कडेने गालिच्याचं टोक पकडीत धरलं आणि गालिचा अडकवून ठेवणाऱ्या खिळ्यांच्या पट्टीवरून उचकटलं. गालिचा उलटा होत गेला तसा वास वाढत गेला. पाठीवर काळा-तपकिरी डाग होता, वरच्या डागापेक्षा कितीतरी मोठा. त्याखालचा फोमचा थर तर पिवळाजर्द, कुजका, आणि कडेने बुरशीचे हिरवे ठिपके.

"हा वास ओळखता येतोय का?" पेनिनाने विचारलं.

पाद्री फेरेती वाकले आणि लगेच मागे सरकले. "कुत्रा?"

"या घरातल्या आधीच्या भाडेकरूचा. एजंटने सांगितलं, मोठा होता, या खोलीत कोंडून ठेवायचे. कुत्र्याचं मूत खाली मुरलं, वाळलं आणि वर्षानुवर्षं गपचूप पडून राहिलं. ब्रदरने बादल्या ओतल्या तेव्हा ते पुन्हा ओलं झालं, गालिच्याच्या धाग्यांतून वर चढलं आणि सुकताना टोकांवर बसलं. पुन्हा धुतलं, पुन्हा चढलं. यात रूताच्या छातीतलं काही नाही, अकेनेसे. उलट ती ओल आणि ही बुरशी रोज रात्री तिच्या छातीत जात होती. आणि औषध कपाटात होतं."

अकेनेसे उभ्या उभ्या खाली बसली. फोमला तिने हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. मग तिने तोंड झाकून घेतलं. पेनिनाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही.

"आपण इतके मूर्ख कसे?" दारातून कोणीतरी पुरुष म्हणाला.

"मूर्ख नाही," पेनिना म्हणाली. ती अजून गुडघ्यांवरच होती. "आपलं लेकरू आजारी असतं, हाताला काम नसतं, आणि कोणीतरी गोड आवाजात सांगतं की दोन्ही मिळेल. ऐकावंसं वाटणारच. मीही प्रमाणपत्र मिळेल म्हणून तिसऱ्या रांगेत बसलेच होते की. पण ऐकल्यावर विचारायला काय जातं? डाग कुठून आला, गेला कुठे, दुसऱ्या डागावर करून दाखवाल का. खऱ्या माणसाला प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडे आपलं पोर सोपवू नका. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरी जा, आयोडीन आणा, गोळी आणा, स्वतः करून बघा."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत औषधाच्या दुकानातलं आयोडीन संपलं.

सगळेच काही लगेच बदलले नाहीत. ब्रदर गॅव्हिनने दुसऱ्या उपनगरात सभागृह शोधलं असं कानावर आलं, आणि पाद्री फेरेतींनी तिथल्या पाद्रींना स्वतः जाऊन सगळं सांगितलं. अकेनेसेच्या खोलीतला गालिचा आणि फोम निघाला, खालची फरशी घासून वाळवली. रूताचा रोजचा फवारा आता जेवणाच्या टेबलावर मिठाच्या डबीशेजारी असतो, आणि छातीतली शिट्टी अजून अधूनमधून वाजते. दमा आहे, तो असणारच. पण ती धावते.

पेनिनाने ब्रॉन्विनच्या केंद्रातली लेखी परीक्षा दिली. प्रात्यक्षिकात लोकरीचा गालिचा न आटवता धुऊन दाखवला. प्रमाणपत्र साध्या कागदावर आलं, शिक्का काळ्या शाईचा. कामं मिळायला लागली.

एक दिवस एका अनोळखी घरी ती यंत्र गुंडाळत असताना घरातली म्हातारी बाई जवळ आली. गालिच्यावरून हात फिरवून ती हळूच म्हणाली, "पोरी, माझ्या नवऱ्याला फार दिवस खोकला आहे. तुझ्या या धुण्याने तो थांबेल का?"

पेनिनाने यंत्र खाली ठेवलं.

"नाही, मावशी," ती म्हणाली. "याने गालिचा स्वच्छ झालाय. तेवढंच होतं याने. खोकल्यासाठी त्यांना डॉक्टरकडे न्या. गाडी नसेल तर सांगा, मी सोडते."